हर्निया, जांघेतला : चीर देऊन की दुर्बिणीने? (ठाणे)

माजिवडेकर

नमस्कार मंडळी. बाबा ६७ वर्षांचे, उजव्या जांघेत हर्निया, दीडेक वर्षापासून. उभं राहिलं की लिंबाएवढा फुगतो, आडवं झालं की आपोआप आत जातो. पूर्वी त्रास नव्हता. आता संध्याकाळी ओढल्यासारखं दुखतं, भाजीची पिशवी उचलली की बसावं लागतं.

बाकीचं: मधुमेह, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.६. औषधं म्हणजे मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन एकत्र असलेली गोळी, रक्तदाबाची टेल्मिसार्टन, ॲस्पिरिन ७५ (स्टेंट वगैरे नाही, फॅमिली डॉक्टरांनी खबरदारी म्हणून दिलेली) आणि प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन. तंबाखू खातात, वर दिवसाला चार-पाच विड्या. सोनोग्राफीत पित्ताशयात ८ मिमीचे दोन खडेही दिसले, पण पोटात कधी दुखलेलं नाही.

तीन ठिकाणी विचारलं:
१. नौपाड्यातलं नर्सिंग होम: चीर देऊन जाळी, पाठीत भूल, ५५ हजार.
२. घोडबंदर रोडवरचं मोठं रुग्णालय: दुर्बिणीने, पूर्ण भूल, १ लाख ६५ हजार. त्यात 'टॅकर' नावाची एकच वस्तू २५ हजारांची.
३. जाहिरात पाहून केलेला फोन: 'लेसरने करू, त्याच भुलीत पित्ताशयही काढू, दोन्ही मिळून पॅकेज.'

नेमका फरक कशाचा? आणि आम्ही जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. तेही लक्षात घेऊन सांगा.

---

शल्यकर्मी

तिसरा पर्याय आधी बाद करा. हर्निया लेसरने दुरुस्त होत नाही. पोटाच्या भिंतीत भोक पडलंय आणि ते जाळीने झाकायचं आहे. लेसरला तिथे काम काय? पित्ताशयाचंही तेच. त्याची नळी आणि धमनी क्लिपा लावून कापतात, मग यकृतापासून सोडवून बाहेर काढतात. सोडवायला कॉटरीचा (विजेच्या उष्णतेने कापणारा) हूक किंवा अल्ट्रासाऊंडवर चालणारं कात्रीसारखं उपकरण लागतं. जनरल सर्जनच्या कामात लेसरला खरी जागा आहे ती दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीची मूळव्याध, निवडक भगंदर आणि पायाच्या फुगलेल्या शिरा यांत. पाटीवर 'हर्निया, अपेंडिक्स, पित्ताशय, सर्व लेसरने' असं असेल तर ती पाटी शस्त्रक्रिया करणाऱ्याने लिहिलेली नाही, गिऱ्हाईक आणून देणाऱ्याने लिहिली आहे.

पित्ताशय: खडे आहेत पण लक्षणं नाहीत, तर हात लावायचा नाही. खडे सापडलेल्या बहुतेकांना आयुष्यभर त्रास होत नाही, आणि नुसता मधुमेह आहे म्हणून पित्ताशय काढा हा सल्ला आता मागे पडला. अपवाद असे: ३ सेंमीहून मोठा खडा, १ सेंमी किंवा त्याहून मोठा पॉलिप (आतल्या अस्तरावरचा कोंब), भिंतीत चुना साठलेलं पित्ताशय. यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही. शिवाय पित्ताशय काढताना पित्त सांडू शकतं, त्यात जंतू असू शकतात, आणि त्याच बैठकीत जांघेत जाळी बसवायची. विनाकारण जाळीला जंतुसंसर्गाचा धोका कशाला द्यायचा? उद्या जेवणानंतर उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात अर्धा-एक तास टिकणारी, पाठीत जाणारी कळ आली, तर तेव्हा विचार करू.

हर्निया: त्रास नसलेल्या पुरुषाने वाट पाहिली तर चालतं. आतडं अचानक अडकण्याचा धोका अशा लोकांत दर हजारी वर्षाला साधारण दोन इतकाच आढळला आहे. पण त्याच गटातल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांना दहा वर्षांत दुखतंय म्हणून शेवटी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. बाबांना आता त्रास होतोय, म्हणजे करायची. घाई मात्र नाही. साखर खाली आणायला आणि विड्या बंद करायला सहा-आठ आठवडे सहज घेता येतील.

या काळात एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत हवी. फुगवटा अचानक कडक झाला, आत जाईना, हात लावू देईना, उलट्या सुरू झाल्या किंवा वरची कातडी लाल झाली, तर थेट इमर्जन्सी. जोर लावून आत ढकलायचं नाही आणि तोंडाने पाणीही द्यायचं नाही. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला की हाताशी मोजके तास असतात. आणि मेडिकलमध्ये मिळणारा तो पट्टा उपचार नव्हे. नीट बसला नाही तर अर्धवट बाहेर आलेल्या आतड्यावरच दाब देतो.

आता चीर की दुर्बीण.

चीर देऊन: जांघेच्या वर ५-६ सेंमीची चीर. स्नायूंचा वरचा पडदा उघडून शुक्रवाहिनीची दोरी बाजूला घेतात, हर्नियाची पिशवी सोडवून आत सारतात, मागच्या भिंतीवर पॉलिप्रॉपिलीनची सपाट जाळी शिवतात. जाळी साधारण १५ × ७.५ सेंमीची, माणसाप्रमाणे कापून घेतात. तिची खालची आतली कड जघनास्थीच्या (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या) उंचवट्यापुढे दीड-दोन सेंमी गेलीच पाहिजे. हर्निया परत होतो तो बहुतेकदा याच कोपऱ्यातून, कारण जाळी तिथे आखूड पडते. दुसरी काळजी तीन बारीक मज्जातंतूंची. त्यातला एखादा टाक्यात सापडला तर महिनोन् महिने जळजळ होते. जांघेच्या हर्नियानंतर दहातल्या साधारण एकाला तीन महिन्यांनंतरही जाणवण्याजोगं दुखणं राहतं, हे तुम्हाला आधी सांगितलं गेलं पाहिजे.

दुर्बिणीने: बेंबीखाली १० मिमीचं एक आणि खाली ५ मिमीची दोन छिद्रं. पोटाचा पडदा आणि स्नायू यांच्यामधल्या जागेत किमान १५ × १० सेंमीची जाळी पसरतात. पडदा न उघडता केलं तर टेप, उघडून केलं तर टॅप. सुरुवातीला दुखणं कमी, कामावर लवकर परत जाता येतं, दोन्ही बाजूंना हर्निया असेल तर त्याच छिद्रांतून दोन्ही होतात. उलट बाजूला: पूर्ण भूल लागते, हात बसायला सर्जनला पन्नास-शंभर शस्त्रक्रिया कराव्या लागतात, आणि क्वचित का होईना मूत्राशय, आतडं किंवा मोठी रक्तवाहिनी यांना इजा होऊ शकते.

दोन्ही बाजूंचा हर्निया, चीर देऊन केलेला परत आलेला हर्निया, आणि बाईमाणसाचा जांघेतला हर्निया, या तिन्हींत दुर्बीण सरस. बाबांचा एका बाजूचा आणि पहिल्यांदाच झालेला. त्यांना दोन्ही चालतं. अशा वेळी पद्धत निवडण्यापेक्षा त्या पद्धतीत सराव असलेला सर्जन निवडा. 'महिन्याला अशा किती करता?' हा प्रश्न उद्धट नाही, बिनधास्त विचारा.

टॅकर म्हणजे जाळी ठोकायच्या बारीक स्क्रूंचं पिस्तूल. टेपमध्ये बहुतेकदा लागतच नाही, पोटाचा दाबच जाळी जागेवर धरून ठेवतो. आतल्या बाजूचं भोक खूप मोठं असेल तर मात्र वापरावं. तेव्हा 'टॅकर लागलाच तर किती, नाही लागला तर बिल किती', असं दोन आकड्यांत लेखी मागा.

आणि प्रोस्टेटची गोळी चालू आहे म्हणता, तर शस्त्रक्रियेआधी पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) आणि लघवीनंतर मूत्राशयात किती उरतं याची सोनोग्राफी करून घ्या. दुर्बिणीची जाळी प्रोस्टेटच्या शेजारच्याच जागेत बसते. पुढे प्रोस्टेटचा कर्करोग निघाला तर तिथली शस्त्रक्रिया अवघड होते. पीएसए वाढलेलं असेल तर आधी त्याचा छडा.

---

भूलतज्ज्ञ_वाशी

शल्यकर्मींनी सर्जरीचं सांगितलं, मी गोळ्यांचं सांगतो. गडबड इथेच होते.

डापाग्लिफ्लोझिन शस्त्रक्रियेच्या किमान ३ दिवस आधी बंद. ही गोळी लघवीतून साखर बाहेर टाकते. उपाशीपोटी आणि शस्त्रक्रियेच्या ताणात रक्तात कीटोन साठून आम्लता वाढू शकते. फसवं असं की ग्लुकोमीटरवर साखर १६०-१८० च दिसते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. तुमच्याकडे ती मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत आहे. 'शुगरची गोळी सकाळी घेऊ नका' एवढंच सांगितलं गेलं तर फक्त एक डोस चुकेल, तीन दिवस नव्हे. म्हणून औषधांची नावं तोंडी सांगू नका, स्ट्रिपच घेऊन या. ते तीन दिवस साखर कशी सांभाळायची ते फिजिशियन ठरवतील.

मेटफॉर्मिन त्या दिवशी सकाळी नाही. टेल्मिसार्टन साधारण २४ तास आधी थांबवतो, नाहीतर भुलीनंतर रक्तदाब फार घसरतो. टॅम्सुलोसिन चालू ठेवा, त्या सकाळीसुद्धा एका घोटाबरोबर. ॲस्पिरिन: स्टेंट नाही, तेव्हा थांबवायला हरकत नसावी, पण ती ज्यांनी सुरू केली त्यांना विचारून. ७५ मिग्रॅवर हर्निया करताही येतो. क्लोपिडोग्रेल (ॲस्पिरिनसारखीच रक्ताची गुठळी टाळणारी गोळी) असती तर ५ दिवस आधी बंद, आणि स्टेंट असता तर कार्डिऑलॉजिस्टला विचारल्याशिवाय एकही गोळी थांबवायची नाही.

उपास: जेवण ६ तास आधी बंद, तेलकट-तुपकट असेल तर ८. साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. 'रात्री दहानंतर पाण्याचा थेंब नाही' ही जुनी शिस्त मधुमेही वृद्धाला त्रासाचीच ठरते. पण चहा म्हणजे पाणी नव्हे. दुधाचा चहा जेवणाच्या हिशोबात धरा. शस्त्रक्रिया ठरल्यावर आदल्या दिवशी फोन करून वेळ नक्की करा, मधुमेही रुग्ण यादीत पहिला घ्या असं सांगा.

एचबीएवनसी ८ च्या खाली आणा, शस्त्रक्रियेच्या दिवशी साखर १०० ते १८० मध्ये हवी. तपासण्यांत हिमोग्राम, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, ईसीजी, छातीचा एक्स-रे, एचआयव्ही-हिपॅटायटिस हे नेहमीचे. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) सर्वांना लागत नाही. जिना चढताना धाप लागते का, हे आम्ही विचारतो त्याला अर्थ असतो. चौथा मजला न थांबता चढत असतील तर ती फुकटातली हृदयाची चाचणीच.

विड्या किमान ४ आठवडे आधी बंद. खोकला राहिला तर पूर्ण भुलीतून बाहेर येताना जाळीवरच जोर येतो, आणि जखमही उशिरा भरते. तंबाखूची गोळी गालात ठेवून टेबलावर येणारे लोक असतात, म्हणून लिहितो: त्या सकाळी तोंडात काहीही नको. हलणारा दात, कवळी असेल तर आधी सांगा.

पाठीतली भूल घेतली की लघवी तुंबण्याचा धोका वाढतो, आणि प्रोस्टेटवाल्यांत आणखी. चीर देऊन करायचं ठरलं आणि सर्जनला सवय असेल तर फक्त जांघ बधिर करूनही हर्निया उत्तम होतो. लघवीचा त्रास त्यात सर्वांत कमी. आपल्याकडे तो पर्याय कमी वापरला जातो, कारण वेळ जातो आणि रुग्ण जागा असतो.

---

माजिवडेकर

खूप आभार. डापाग्लिफ्लोझिनचं कोणीच सांगितलं नव्हतं. नर्सिंग होम लहान आहे, २० खाटांचं. तिथे जाऊन काय पाहायचं? आम्हाला काही कळत नाही.

---

ओटी_सिस्टर

दादा, रिसेप्शन आणि फरशी बघून काही कळत नाही. हे विचारा:

भूल देणारे डॉक्टर कोण, आणि शस्त्रक्रियेनंतर किती वेळ थांबतात? लहान ठिकाणी ते बाहेरून येतात, त्यात गैर काही नाही. पण पुढच्या केससाठी पळाले आणि मागे रिकव्हरीत फक्त आया, असं नको. भुलीच्या यंत्रावर श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा मॉनिटर आहे का? दुर्बिणीच्या केसमध्ये त्याशिवाय सुरूच करू नये. डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) आहे का? रात्री ड्युटीवर डॉक्टर असतो का, की 'ऑन कॉल'? आयसीयू लागला तर कुठल्या रुग्णालयाशी ठरलेलं आहे? घोडबंदर रोडचा ट्रॅफिक धरून सांगा म्हणावं.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे निर्जंतुकीकरण. जाळी लावायची असेल तर जास्तच. लोखंडी हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेत): १२१ अंशांना किमान १५-२० मिनिटं किंवा १३४ अंशांना ३-४ मिनिटं, आणि प्रत्येक ड्रममध्ये रंग बदलणारी पट्टी. दुर्बिणीची काही भिंगं, केबल ही उष्णता सोसत नाहीत, त्यांना ईटीओ (एथिलीन ऑक्साइड) गॅस किंवा प्लाझ्मा या कमी उष्णतेच्या पद्धती लागतात. ईटीओला हवा काढण्यासकट अर्धा दिवस जातो. दिवसाला दुर्बिणीच्या चार केसेस आणि संच एकच असेल, तर मधल्या वेळात हत्यारं कशात बुडवली? उत्तर बहुतेकदा ग्लुटराल्डिहाइड नावाचं जंतुनाशक, वीस मिनिटं. वीस मिनिटांत साधे जंतू मरतात, बीजाणू (काही जंतूंचं चिवट, सुप्त रूप) मारायला ८-१० तास लागतात. वर ते औषध धुवायला नळाचं पाणी वापरलं की पाण्यातले मायकोबॅक्टेरिया (टीबीच्या जंतूच्या जातकुळीतले, पण वेगळे जंतू) हत्यारावर बसले.

त्याचं फळ लगेच दिसत नाही. टाके छान भरतात, आणि साधारण तीन ते आठ आठवड्यांनी छिद्राच्या जागी गाठ येते, पाण्यासारखा पू येत राहतो, नेहमीच्या प्रतिजैविकांनी हलत नाही. अशा वेळी पट्टी बदलत बसू नका. पू किंवा तुकडा मायकोबॅक्टेरियाच्या कल्चरला पाठवायला लावा, आणि टीबीची औषधं अंदाजाने सुरू करू देऊ नका. हा जंतू टीबीचा नसतो, त्याची औषधं वेगळी असतात आणि कित्येक महिने चालतात.

फॉर्मालिनच्या गोळ्या टाकलेल्या पेटीत हत्यारं ठेवलेली दिसली तर तिथून निघा.

आणखी एक: घरी ब्लेडने केस काढू नका. बारीक ओरखड्यांतून जंतू आत जातात. केस आमच्याकडे क्लिपरने काढतो, तेही गरज असेल तरच. प्रतिजैविकाचा एक डोस चीर देण्याआधीच्या तासाभरात शिरेतून. जाळी लावली म्हणून पाच दिवस महागड्या इंजेक्शनांची गरज नसते.

भिंतीवर महापालिकेचं नोंदणी प्रमाणपत्र, रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावलेलं असलं पाहिजे. महाराष्ट्रातल्या नर्सिंग होमच्या २०२१ च्या सुधारित नियमांत ते आहे. प्रमाणपत्राची मुदत वाचा.

---

ऐरोलीची_मृणाल

मध्येच विचारते, क्षमस्व. सासूबाई ७१, जांघेत बोराएवढी गाठ, दुखत नाही. फॅमिली डॉक्टर म्हणाले लसिकाग्रंथी असेल, बघू. हाही हर्निया असू शकतो का?

---

शल्यकर्मी

ताई, असू शकतो, आणि असेल तर थांबायचं नाही. बायकांत जांघेच्या घडीच्या किंचित खाली, मांडीच्या वरच्या टोकाला येतो तो फिमोरल हर्निया. भोक लहान आणि कडा ताठ, म्हणून आतडं अडकायचं प्रमाण खूप जास्त. वर सांगितलेलं 'वाट पाहिली तर चालतं' हे पुरुषांच्या नेहमीच्या हर्नियाबद्दल होतं, ते इथे लावू नका. याच आठवड्यात सर्जनला दाखवा, खोकताना केलेली जांघेची सोनोग्राफी घेऊन. लसिकाग्रंथी निघाली तर उत्तमच, पण मग ती का वाढली ते शोधायला लागेल.

---

टीपीए_डेस्क

पैशांचं. मोठ्या रुग्णालयात सर्जनची फी, भूल, ओटी (शस्त्रक्रियेची खोली), व्हिजिट, सगळं खोलीच्या वर्गाप्रमाणे चढतं. तोच सर्जन, तीच जाळी, ट्विन शेअरिंगऐवजी सिंगल घेतली की बिल निराळं. तुमची दोन अंदाजपत्रकं वेगळ्या वर्गांची असतील तर तुलनाच चुकीची. दोन्हीकडे एकाच वर्गाचं आणि तुकडे पाडून मागा: सर्जन, सहायक, भूल, ओटी, जाळी कुठल्या प्रकारची, टॅकर, औषधं, खाट. आकार दिलेली त्रिमितीय जाळी सपाट जाळीच्या कित्येक पट महाग असते.

पॉलिसी असेल तर आधी 'ठरावीक आजारांची प्रतीक्षा' पाहा. हर्निया, मूळव्याध, पित्ताशयातले खडे, हायड्रोसील, मोतीबिंदू हे त्या यादीत असतातच. बहुतेक पॉलिसींत २४ महिने. २०२४ पासूनच्या नियमाने ३६ च्या वर नेता येत नाही. कंपनी बदलून पोर्ट केली असेल तर जुनी वर्षं धरली जातात, त्याचा कागद जोडा. तुमच्या नोकरीच्या ग्रुप पॉलिसीत आईवडील घेता येत असतील तर तिथे ही प्रतीक्षा बहुधा नसते, पण आईवडिलांच्या दाव्यात १०-२० टक्के स्वतः भरायची अट असते. ती वाचा.

खोलीभाड्याची मर्यादा लोक हलक्यात घेतात. समजा मर्यादा ५,००० आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली. कंपनी फक्त तीन हजार कापत नाही. डॉक्टरांची फी, ओटी, नर्सिंग यांचेही पाच अष्टमांशच देते. ८० हजारांचे ५० हजार. औषधं, जाळी आणि तपासण्या मात्र या कपातीत येत नाहीत. तिथेही कापलं असेल तर लेखी हरकत घ्या.

कॅशलेसची पूर्वपरवानगी दोन-तीन दिवस आधी टाका. अर्ज मिळाल्यापासून १ तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीचं ३ तासांत उत्तर देणं विमा कंपनीला बंधनकारक आहे. पण घड्याळ सुरू होतं कागद पूर्ण गेल्यावर, आणि अडतं इथेच: सर्जनच्या चिठ्ठीत 'कधीपासून' हा रकाना. ओपीडीत कोणी सहज 'पाच वर्षांपासून' लिहिलं आणि पॉलिसी तीन वर्षांची असली की प्रश्न सुरू. खरं आहे तेच लिहा, पण सगळ्या कागदांवर एकच लिहा.

नंतर परतावा घेणार असाल तर जाळीच्या खोक्यावरचं बॅच क्रमांकाचं स्टिकर आणि जाळीचं बिल फाइलला हवंच. स्टिकर केसपेपरवर चिकटवतात, त्याची प्रत डिस्चार्जच्या आधी मागा. रोबोटने करायचं कोणी सुचवलं तर पॉलिसीत त्यावर वेगळी मर्यादा आहे का ते पाहून हो म्हणा.

पॉलिसी नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. ही शस्त्रक्रिया त्या ठिकाणी पॅकेजमध्ये आहे का ते तोच सांगेल. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचं महापालिका रुग्णालय इथे सर्जरीच्या ओपीडीत हर्निया रोजचाच. खर्च नगण्य, तारीख मिळायला वेळ. तुम्हाला तसंही सहा-आठ आठवडे काढायचेच आहेत, आत्ताच नंबर लावून ठेवायला काय हरकत?

---

लॅपसर्जन_नेरुळ

शल्यकर्मींशी बहुतांशी सहमत, पण 'दोन्ही सारखंच' हे मी थोडं वाकवेन. दुर्बिणीत मागून पाहिलं की फिमोरल भोकासकट जांघेची तिन्ही दारं एकाच जाळीखाली येतात, दुसऱ्या बाजूच्या जांघेतली हर्नियाची लहान सुरुवातही दिसते, आणि दीर्घकाळ राहणारं दुखणं कमी. हृदय-फुप्फुस तंदुरुस्त असतील तर ६७ हे वय पूर्ण भुलीला आड येत नाही.

चालणार कधी नाही? प्रोस्टेटची किंवा बेंबीखालची उघडी शस्त्रक्रिया आधी झाली असेल तर टेपची जागा चिकटलेली असते. वृषणाच्या पिशवीपर्यंत उतरलेला, आत न जाणारा मोठा हर्निया असेल तर तिथेही चीर बरी. आणि दुर्बिणीने सुरू करून चीर द्यावी लागली तर तो पराभव नाही. संमतीपत्रावर ते लिहिलेलं असतं, सही करण्याआधी वाचा.

हलकी जाळी चांगली म्हणून जास्त पैसे मागतात. चीर देऊन करताना तिने टोचल्याची जाणीव थोडी कमी राहते. दुर्बिणीत तिचा फायदा नाही, मोठ्या भोकावर उलट फुगते. साधी द्या म्हणा.

---

शल्यकर्मी

वय आड येत नाही, मान्य. माझा मुद्दा सरावाचा होता. तुमच्यासारखे रोज टेप करणारे गाठले तर दुर्बीण. महिन्याला एखादी करणारे असतील तर त्यांच्याकडून चीर देऊनच करून घ्यावं.

---

माजिवडेकर

समजलं. घरी आणल्यावर? जिना, पथ्य, कामाला कधी?

---

लॅपसर्जन_नेरुळ

त्याच दिवशी संध्याकाळी चालवतात, दुसऱ्या दिवशी घरी. जिना चढायला बंदी नाही: कठड्याला धरून, प्रत्येक मजल्यावर थांबत. खुर्चीत बसवून चार माणसांनी वर नेणं नको, ते जास्त धोक्याचं. खाली मांडी घालून बसण्याला पहिले काही दिवस दुखेल म्हणून टाळा, टाके तुटतील म्हणून नाही. पथ्य एकच, शौचाला जोर करावा लागता कामा नये: पाणी, इसबगोल, लागलं तर सौम्य रेचक. तूप-डाळ-वांगं कशानेही जखम चिघळत नाही. खोकताना-शिंकताना जांघेवर तळहात दाबून धरायचा.

दुखण्याच्या गोळ्या पहिले तीन दिवस घड्याळ लावून द्या: पॅरासिटामॉल, दिवसाला ३ ग्रॅमच्या आत. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या क्रिएटिनिन पाहून सर्जनच ठरवतील, मेडिकलवाल्याकडून नको. हलकी कामं आठवड्यात, दुचाकी अचानक ब्रेक दाबताना न दुखता दाबता येईल तेव्हा, पाण्याचे कॅन आणि गॅसचा सिलिंडर चार ते सहा आठवड्यांनी.

आता घाबरवणाऱ्या पण बहुधा निरुपद्रवी गोष्टी. वृषणाची पिशवी आणि शिश्न दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळंनिळं पडतं; रक्त खाली उतरतं, दोन आठवड्यांत जातं. लंगोटासारखी घट्ट चड्डी घाला. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जांघेत पुन्हा फुगवटा येतो आणि सगळे म्हणतात हर्निया परत आला. जिथून हर्निया काढला त्या रिकाम्या जागेत पाणी भरतं. आडवं झाल्यावर तो आत जात नाही, खोकल्याने उसळत नाही, ही ओळख. सहा-आठ आठवड्यांत बहुतेकदा शोषला जातो. सुई घालून काढायला लावू नका, सुईबरोबर जंतू जाळीपर्यंत जातात.

लगेच फोन करायचा तो या कारणांसाठी: वृषण कडक होऊन खूप दुखतंय, जखमेतून पू, १०१ च्या वर ताप, पोट फुगून उलट्या, एका पायाची पोटरी सुजली.

आणि लघवी. घरी सोडण्याआधी बाबांनी स्वतःहून, उभं राहून, पुरेशी लघवी केली आहे हे पाहूनच निघा. थेंब थेंब होतेय म्हणजे झाली असं नाही. मूत्राशय भरून ओसंडतंय असंही असू शकतं. सहा-आठ तास झाले, ओटीपोट फुगलंय, तर तात्पुरती नळी घालायला लावा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काढतात. रात्री दोन वाजता चौथ्या मजल्यावरून उतरून रिक्षा शोधण्यापेक्षा ते बरं.